पाव सुधारा

"ओजस, तुझ्या वडिलांना सांग, त्यांचा पाय माझ्या चपलेवर आहे."

गजूकाका हे म्हणाला तेव्हा माझे वडील त्याच्यापासून वीतभर अंतरावर उभे होते. दोघांच्या मध्ये मी होतो. खरं तर मध्ये जागा नव्हती, पण काचेच्या दोन बरण्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून पुठ्ठा घालतात, तसं मला घालण्यात आलं होतं.

"बाबा, काका म्हणतोय..."

"ऐकलं. त्याला सांग, चप्पल पायात घालायची असते, रस्त्यात पसरायची नसते."

"काका, बाबा म्हणतायत..."

"माझे कान शाबूत आहेत."

सख्खे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आम्ही सगळे सुट्टीत कोरलवाडीच्या बंदरावर एका बर्गरसाठी रांगेत उभे होतो. पुढे 'बर्गर बंदर' नावाचं ते तीर्थक्षेत्र होतं. त्या वर्षी मोबाइल उघडला की कुणीतरी तिथला बोंबील बर्गर खाताना दिसायचंच. पहिला घास, डोळे बंद, मान हळूहळू डावीकडून उजवीकडे, आणि मग, "भावा, विषय संपला." एवढ्या लोकांचा विषय एकाच बर्गरमध्ये संपतो म्हटल्यावर बघायला तर हवंच.

अडचण एकच. आम्ही मेहेंदळे. आमचे आजोबा, ज्यांना सगळं घर नाना म्हणायचं, ते संस्कृतचे शिक्षक. त्यांच्या घरात लसूण पिशवीतून तर नव्हेच, संशयाच्या रूपानेही आत आला नव्हता. आम्ही महाराष्ट्रातल्या सर्वात प्रसिद्ध बोंबलासाठी रांगेत उभे होतो, ते मटकीची टिक्की खायला. फळ्यावर अगदी तळाशी, माफी मागितल्यासारख्या बारीक अक्षरात, तीही लिहिलेली होती.

हा कट माझ्या बहिणीचा, ऋजुताचा. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. तिला सायकल शिकवली गजूकाकाने, दहावीला गणित घेतलं गजूकाकाने. काका-काकूंना मूल नाही, त्यामुळे लाडाचा सगळा कोटा तिच्यावरच खर्च झालेला. तिने घरात जाहीर केलं होतं, "काका मांडवात नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. त्या मुलाला एकट्यालाच उभा करा."

काकाचं म्हणणं, दादाने स्वतः येऊन माझ्या हातावर अक्षत ठेवावी, मग बघू. बाबांचं म्हणणं, आधी त्याने कबूल करावं, मग अक्षत. म्हणून तिने बाबांना सांगितलं की काका येणार नाहीये, काकाला सांगितलं की बाबा येणार नाहीयेत, आणि एकाच घरगुती मुक्कामाच्या दोन खोल्या घेतल्या. अंगणात समोरासमोर आल्यावर दोघेही परत निघाले होते. आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत हे कळल्यावर दोघांनीही तत्त्वांना मुरड घातली.

"पण बर्गर कशाला?" मी तिला विचारलं होतं.

"कारण तिथे दोन-दोन तास रांग असते," ती म्हणाली. "आपली माणसं गाव सोडतील, पक्ष सोडतील, पण लागलेला नंबर सोडून जाणार नाहीत. दोन तास शेजारी उभे राहिले तर बोलतील."

बोलत होते. माझ्यामार्फत.

जागा म्हणाल तर एक जुना बर्फाचा कारखाना. अर्धं छप्पर उडालेलं, भिंतीतून पिंपळ उगवलेला. मालक शंतनू, आमच्याच पुण्याचा, बाणेरचा. डोक्यावर केसांचा अंबाडा. तो रांगेतून फिरत लोकांना सांगत होता, "आम्ही इथली पडझड जशीच्या तशी जपलीय." आमच्या वाड्याच्या मालकाने हेच केलं होतं तेव्हा लोकांनी त्याच्यावर खटला भरला होता. बसायला मोडक्या होड्यांच्या फळ्या. समोर खाडी, खाडीत डिझेलची सप्तरंगी साय, आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास. मंदाकाकूने नाकाला पदर लावला होता. बाबा आणि काका तोंडाने श्वास घेत होते. आई मात्र निवांत उभी होती. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

आईच्या पर्समध्ये लग्नाची पत्रिका आणि कुंकू-अक्षतांची डबी होती. तीन दिवस ती पर्स तिने आंघोळीची वेळ सोडता खांद्यावरून उतरवली नव्हती.

आता काकाने कबूल काय करायचं होतं, तेही सांगतो. नानांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवला नाही. झाडावर कावळ्यांची भरगच्च सभा होती. शेजारच्या कुटुंबाचा पिंड तर त्यांनी पानावर पूर्ण टेकायच्या आत उचलला. आमच्याकडे बघायलाही कुणी तयार नाही. भटजी म्हणाले, इच्छा राहिली असेल, शब्द द्या. बाबांनी शब्द दिला, ऋजुताचं लग्न थाटात करीन. काकाने दिला, तुमची पुस्तकं रद्दीत घालणार नाही. दोघांनी मिळून वर्तमानपत्राच्या वर्गणीपर्यंत सगळे शब्द देऊन टाकले. शेवटी भटजींनीच दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि पुढच्या कामाला निघून गेले. परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "तूच काहीतरी केलं असशील." काका म्हणाला, "मी? तू केलं असशील." तो त्यांचा शेवटचा थेट संवाद. पुढच्या वर्षी दोघांनी वेगवेगळं श्राद्ध घातलं. कावळा दोन्ही पत्त्यांवर आला नाही.

तर रांग. ऊन डोक्यावर आलं, काका जरासा डुलला, आणि मंदाकाकूचा बांध फुटला.

"अहो, निदान पाणी तरी घ्या! सकाळपासून चहाचा घोटही नाही पोटात."

"का?" आई म्हणाली. "बरं नाही का भावजींना?"

"बरं आहे हो. आज तिथी ना नानांची."

बाबांनी मान गर्रकन वळवली. "आज? सोळा तारखेला असते ना?"

"तारीख सोळा," काकू म्हणाली. "तिथी आज."

आमच्याकडे कामाची वाटणी पूर्वापार ठरलेली. तिथी बघायची काकाने, श्राद्ध करायचं बाबांनी. काकाला बाबांसारखं यजमानपद जमत नाही आणि बाबांना पंचांग वाचता येत नाही. बोलणं बंद झाल्यापासून बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखेवर भागवत होते.

"ह्याला माहीत होतं?" बाबा मला म्हणाले. "ह्याला सकाळी माहीत होतं, आणि हा बोलला नाही?"

"ओजस, तुझ्या वडिलांना सांग, आमचं बोलणं बंद आहे."

बाबांचा चेहरा असा झाला की ऋजुताने माझा हात धरला. आता हे दोघं खाडीत एकमेकांना ढकलतात आणि लग्नाऐवजी वेगळंच कार्य निघतं, असं आम्हाला वाटलं. पण बाबांनी घड्याळ बघितलं. दुपार टळायच्या आत पान ठेवायला हवं होतं. आणि ठेवायला जगात एकच अन्न उपलब्ध होतं.

आमचा नंबर आला. बाबा खिडकीशी गेले आणि स्वच्छ शिक्षकी घराण्याच्या आवाजात म्हणाले, "श्राद्धाचा एक बर्गर. कांदा-लसूण नको."

शंतनूने फळ्याकडे पाहिलं. "सर, हा... ह्या सीझनचा आहे का?"

"मटकीचा द्या हो," आई म्हणाली. "कांदा-लसूण काढा, आणि ते पांढरं काय लावता, तेही काढा."

"मॅम, मग उरतं काय?"

"मटकी," आई म्हणाली.

"आणि वर तुळशीचं पान," बाबा म्हणाले.

"बेझिल आहे सर. तुळशीचीच बहीण. इटलीला दिलेली."

बाबांनी क्षणभर विचार केला. दिल्या घरी सुखी असेल, असं धरून चालले. बंदराच्या कठड्यावर केळीचं पान नव्हतं, म्हणून 'जगा, खा, प्रेम करा' असं छापलेला कागद उलटा अंथरला. दक्षिण कुठे म्हणून बाबांनी चहूकडे पाहिलं. काकाने मोबाइलमधलं होकायंत्र उघडून कठड्यावर ठेवलं. बाबांनी पाण्याच्या बाटलीने बर्गरभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि आम्ही चार पावलं मागे सरलो.

बंदर म्हणजे कावळ्यांचं माहेर. एक आला, पानापासून हातभर अंतरावर बसला. उजव्या डोळ्याने बर्गर बघितला. मग डाव्या डोळ्याने बघितला. मग चोच कठड्याला घासून पुसून ठेवली आणि खाडीकडे तोंड करून बसला.

"शब्द द्या, शब्द द्या," काकू कुजबुजली.

"नाना," बाबा म्हणाले, "ऋजुताचं लग्न ठरलंय. मुलगा चांगला आहे."

कावळा ढिम्म.

"नाना, पुस्तकं नीट आहेत," काका म्हणाला. "वाळवीचं औषध मारलंय."

कावळ्याने पंख खाजवला.

एव्हाना रांगेचं लक्ष आमच्याकडे गेलं होतं. मागून एक गृहस्थ म्हणाले, "जागेचा काही वाद होता का?" दुसरा म्हणाला, "आमच्या मामांना विडी लागली होती. पेटवून ठेवा एखादी." पुढच्या नंबरचा पुकारा झाला, पण कुणीच हललं नाही. शंतनू हवालदिल होऊन बाहेर आला. "सर, तो खाणार ना? म्हणजे, नाही खाल्लं तर लोक व्हिडिओ टाकतील. कावळासुद्धा खात नाही म्हणून."

"तुझ्यामुळे अडलंय," बाबा काकाला म्हणाले. थेट. मला वगळून. मी दोन पावलं बाजूला झालो.

"माझ्यामुळे?" काका म्हणाला. "मी काय केलंय?"

"तुझं तुला माहीत. दोन वर्षं मी रोज विचार करतोय की ते का अडकलेत. तू एकदा कबूल कर आणि त्यांना मोकळं कर!"

"आणि तू? तू अगदी धुतल्या तांदळासारखा?"

ह्यावर बाबा गप्प झाले. ते असे गप्प होणारे नव्हेत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

काकाचा आवाज चिरकला होता. तो तरातरा कठड्यापाशी गेला, वाकला आणि कावळ्याच्या कानाशी, म्हणजे जिथे असावा असा त्याचा अंदाज होता तिथे, काहीतरी पुटपुटला. कावळ्याने मान वाकडी केली. बाबा पुढे झाले.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"गजू. मी ऐकलं. बोंबील म्हणालास तू."

मंदाकाकूच्या नाकावरचा पदर खाली आला.

काका फळीवर बसला. "हो. म्हणालो. मीच बाटवलं नानांना, झालं समाधान? महिन्यातून एकदा, पेन्शन काढायला जायचो ना आम्ही. बँकेनंतर स्टेशनच्या मागच्या खानावळीत न्यायचो. तळलेला बोंबील खायचे. आठ वर्षं. म्हणाले, दादाला कळू देऊ नकोस, तो जीव देईल." त्याने तोंड पुसलं. "कावळा शिवला नाही तेव्हाच कळलं मला, माझं पाप आडवं आलंय. पण ते घाटावर, भटजींसमोर सांगू कसा?"

ऋजुताने डोळे मिटून घेतले. आता बाबा काय करतील ह्यावर तिचं लग्न अवलंबून होतं.

बाबा त्याच्या शेजारी फळीवर बसले. फळी करकरली.

"कोणती खानावळ?"

"पायऱ्या उतरून जावं लागतं ती."

"मी मंडईच्या मागे न्यायचो," बाबा म्हणाले.

"काय न्यायचास?"

"नानांना. डोळे तपासायला जायचो ना आम्ही दर दोन महिन्यांनी?"

"नानांचे डोळे चांगले होते."

"उत्तम होते." बाबा खाडीकडे बघत होते. "मला म्हणाले, गजूला कळू देऊ नकोस. तो फार कर्मठ आहे."

"मी? कर्मठ?" काका उभाच राहिला. "मला म्हणाले, तू कर्मठ!"

"मला वाटत होतं, माझ्यामुळे अडलंय. तुझ्यावर ढकललं की जरा झोप लागायची."

"मलाही."

काका पुन्हा फळीवर बसला. मग म्हणाला, "तुझ्याबरोबर काय खायचे? तळलेलाच?"

"तळलेला."

"कालवण कधी मागवलं?"

"नाही."

"माझ्याबरोबर एकदा मागवलं होतं," काका म्हणाला. "वाटी पुसून खाल्ली." आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या भावाच्या पुढे गेल्यासारखा त्याचा चेहरा उजळला.

बाबा उठले. खिडकीशी गेले. "एक बोंबील बर्गर द्या."

"सर," शंतनू म्हणाला, "बोंबील संपला. मगाशीच."

संस्कृतच्या शिक्षकाचा थोरला मुलगा, ज्याने जन्मात अंडंसुद्धा फोडलेलं आम्ही पाहिलं नव्हतं, तो बंदरावर उभा राहून बोंबलासाठी कासावीस होऊन चहूकडे बघू लागला. शेवटचा बोंबील बर्गर एका मोठ्या टोपीतल्या मुलीच्या हातात होता. आम्ही पान मांडायच्या आधीपासून ती त्याचे फोटो काढत होती. सूर्य नीट येत नव्हता.

बाबा तिच्यासमोर गेले आणि हात जोडले. "बाळ, हा मला देतेस का? माझे वडील उपाशी आहेत."

"अय्यो काका, कुठे आहेत ते?"

"ते काय. कठड्यावर बसलेत."

तिने कावळ्याकडे पाहिलं. कावळ्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे एकदम भरून आले. "घ्या ना काका," ती म्हणाली. "तसंही मला माशाचा वास सहन होत नाही. मी फक्त दाखवते."

बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. कठड्यापर्यंत नेताना त्यातलं तेल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं. मटकी बाजूला केली. बोंबील ठेवला. पाणी फिरवलं. ह्या वेळी चार पावलं मागे यायलाही सवड मिळाली नाही. कावळ्याने झेप घेतली, वरचा पाव चोचीने उडवून खाडीत टाकला, बोंबील ओढून काढला, आणि आमच्या सगळ्यांदेखत, रीतसर, काट्यासकट गिळला. मग खालचा पावही ढकलला. तो पाण्यावर तरंगत राहिला. माशांनीही त्याला हुंगलं नाही.

रांगेने टाळ्या वाजवल्या. काकू रडायला लागली. काका आणि बाबा हात जोडून उभे होते आणि दोघांचेही खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतायत. मग कळलं, हसतायत. मग पुन्हा खात्री वाटेना.

"वसू, डबी दे," बाबा म्हणाले.

आईने पर्स उघडली. तीन दिवसांनी तिचा खांदा मोकळा झाला. बाबांनी चिमटीत कुंकू घेतलं.

"अरे, हाताला बोंबील लागलाय तुझ्या," काका मागे सरकला.

"नानांना चालतो, तुला चालत नाही? कर्मठ कुठला!"

काकाने कपाळ पुढे केलं. बाबांनी कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या, पत्रिका ठेवली. पत्रिकेवर गणपतीच्या सोंडेपाशी तेलाचा डाग पडला. "मुक्कामाला या," बाबा म्हणाले. "चार दिवस आधी. मुहूर्त तूच बघ पुन्हा एकदा. मी कॅलेंडरात बघितलाय."

"कॅलेंडरात!" काका ओरडला. "अरे, मुहूर्त असा बघतात?"

ऋजुता त्याच्या गळ्यात पडली, म्हणून पुढचं भांडण टळलं.

मग आम्ही मटकीचे बर्गर खाल्ले. विषय संपला नाही. मटकीसुद्धा संपत नव्हती. खाताना बाबांना एकदम काहीतरी सुचलं आणि त्यांनी घाबरून आईकडे पाहिलं.

"वसू, तुला... म्हणजे आत्ता जे कळलं, त्याचा तुला धक्का..."

"तुम्ही दोघं न्यायचात," आई टिक्की चावत म्हणाली. "सदरे कोण धुवायचं?"

ती नाक न धरता का उभी होती, ते मला तेव्हा समजलं.

निघताना शंतनूने मोबाइल पुढे केला आणि अभिप्राय लिहायची विनंती केली. काका लिहायला बसला. बाबा त्याच्या खांद्यावरून शुद्धलेखन तपासत होते. दोघांचं एका शब्दावर वाजलंही, पण थेट वाजलं, मला मध्ये घातलं नाही.

पुढे ऋजुताचं लग्न झालं, काकाने दुसऱ्या मुहूर्तावर लावलं. 'बर्गर बंदर' बंद पडलं. जपलेलं छप्पर एका पावसाळ्यात खाली आलं. तिथे आता पुन्हा बर्फ करतात, असं ऐकतो. पण इंटरनेटवर त्याचं पान अजून आहे, आणि सगळ्या मिटल्या डोळ्यांच्या खाली, अगदी तळाशी, मेहेंदळे बंधूंचा तो अभिप्रायही आहे. नानांच्या तिथीला दोघं तो उघडून वाचतात.

'वडिलांना आवडले. पाव सुधारा.'